टेबल हालतंय

घरगुती सीएनसीला, म्हणजे आपोआप लाकूड कापणाऱ्या मशीनला, स्वतंत्र डब्यासारखा कंट्रोलर घ्यावा का कॉम्प्युटरवरचा, असं मला कुणी विचारलं की मी अजूनही घसा खाकरतो आणि चहा सांगतो. पाच वर्षं झाली राव या प्रश्नाला. तेवढ्यात लोकांची लग्नं झाली, पोरं शाळेत गेली, चऱ्होलीत आमच्या बिल्डिंगीसमोरचं ज्वारीचं रान जाऊन तिथं बावीस मजले उभे राहिले. माझा कंट्रोलर काही ठरला नाही. आणि हा गोंधळ माझ्या एकट्याचा नाही बरं का. निम्म्याहून जास्त चाचांचा आहे. चाचांना जाऊन दुसरं वर्ष लागलं, पण जाताना गोंधळ तेवढा माझ्याकडे ठेवून गेले.

चाचा म्हणजे माझे उस्ताद. डिप्लोमा करून मी लातूरकडून इकडं आलो, तेव्हा भोसरीतल्या एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये लागलो. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओततात, आणि तो साचा उठवायला आधी लाकडाचा नमुना लागतो. तो नमुना म्हणजे पॅटर्न. तो चाचांसारखा करणारा माणूस अख्ख्या भोसरीत नव्हता, असं खुद्द चाचाच सांगायचे. पुढं मी चाकणच्या कंपनीत क्वालिटीला गेलो, चष्मा लागला, केस गेले, दोन लेकरांचा बाप झालो, तरी चाचांची हाक तीच. "ए मराठवाडा!"

चऱ्होली गावठाणातलं जुनं मुसलमान घर त्यांचं. चाचीशी दखनीत बोलायचे, आणि बाकी सगळ्या जगाशी अशा गावरान मराठीत, की शाळेत शुद्धलेखन शिकलेला मी त्यांच्यापुढं परगावचा वाटायचो. होतोच म्हणा.

त्यांची पट्टी सांगितल्याशिवाय चाचा सांगता यायचे नाहीत. लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून पॅटर्न त्या मानानं मोठा करायचा, आणि दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच मुळात मोठी असते. मीटरमागं दहा मिलिमीटर जास्त. आकडे तेच, पण अंतर जरा ऐसपैस. आता ही पट्टी फाउंड्रीत ठेवायची वस्तू. चाचा ती शर्टाच्या आतल्या खिशात घालून जगभर फिरायचे आणि जे दिसेल ते तिनंच मोजायचे. चाचीच्या ओट्याखालच्या कपाटाचं दार त्यांनी याच पट्टीनं केलं. ते अर्थातच बसेना. चाची म्हणाली, "आता?" तर म्हणे, "आकसंल." लाकूड कशाला आकसतंय! चाची ते दार अकरा वर्षं गुडघ्यानं ढकलून लावत होती. मी एकदा साधी पट्टी आणून दार तासून देतो म्हणालो, तर माझ्यावरच डाफरले. "जरा मोठं असावं रं. समदं आकसतच असतंय शेवटी."

दुसरी खोड म्हणजे डोळे मिटणं. मी कुठलाही जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा, घेऊन गेलो की आधी डोळे मिटायचे आणि अंगठा फिरवायचे. मग सांगायचे, हितं अर्धा मिलिमीटर जास्त हाय. मी बारीक माप घेणारा व्हर्निअर लावायचो, तर नेमका अर्धाच निघायचा. "डोळा खोटं बोलतो," ते म्हणायचे, "बोट न्हाई बोलत." खंडेनवमीला फाउंड्रीत सगळी अवजारं पुसून मांडायचं काम त्यांनी कधी कुणाला करू दिलं नाही. हळदीकुंकू आम्ही लावायचो, पण त्याआधी प्रत्येक पटाशीवरून त्यांचा अंगठा फिरलेला असायचा. धार नसलेल्या पटाशीची पूजा करू द्यायचे नाहीत. "आदी धार लाव, मंग फूल वाहा."

आणि त्याच हाताला थरथर लागली.

पहिल्यांदा मला कळलंच नाही. ते उजव्या हातात सारखी हातोडी धरायला लागले. चहा पिताना हातोडी, पेपर वाचताना हातोडी. मला वाटलं, आली म्हातारपणाची एखादी लहर. मग एकदा हातोडी बाजूला ठेवून त्यांनी कप उचलला आणि अर्धा चहा बशीत, अर्धा लुंगीवर. त्यांनी कपाकडं असं बघितलं, जसं काही कपच नालायक आहे. "टेबल हालतंय," म्हणाले. आणि उठून पुठ्ठ्याचा तुकडा घडी करून टेबलाच्या पायाखाली सारला. मीही वाकून बघितलं, म्हणालो, "हो, जरा हलतंय खरं." तेव्हापासून आमच्यात हा कायदाच झाला. हात थरथरला की टेबल हालायचं, आणि मी पुठ्ठा शोधायचो. डॉक्टरांनी चाचीला सांगितलं होतं की हे आता वाढतच जाणार. चाचीनं मला सांगितलं होतं. चाचांनाही माहीत होतं. कुणी कुणाला काही म्हणत नव्हतं.

त्यातच चाचीचा खल तडकला.

हा खल लोखंडी, ओतीव. लग्नाच्या वर्षी चाचांनी स्वतः पॅटर्न करून फाउंड्रीत ओतून घेतलेला. त्याला खालपासून वरपर्यंत तडा गेला. त्यांच्या मुलीनं मिक्सर आणून दिला, तर चाची म्हणे त्यातला मसाला मेलेला लागतो. बाजारात नवे खल मिळतात, पण ते नको. चाचा म्हणाले, "मी करतो नवा." पटाशी घेऊन पडवीत बसले आणि तासाभरात डाव्या हाताचा अंगठा कापून घेतला. त्या संध्याकाळी सगळ्या पटाश्या तेल लावून, फडक्यात गुंडाळून त्यांनी माळ्यावर टाकल्या. मला ते बघवलं नाही.

माझी मशीन याच पडवीत होती. लॉकडाउनमध्ये हौसेनं जोडलेली, अ‍ॅल्युमिनियमची चौकट, तीन मोटरी, वर लाकूड कापणारा स्पिंडल. सोसायटीच्या कमिटीनं आवाजाची तक्रार केली म्हणून चाचांनी पडवी दिली. मशीनला हातपाय सगळे होते, डोकं नव्हतं. डोकं म्हणजे कंट्रोलर. मी म्हणालो, "चाचा, मी करून देतो की खल. तुम्ही सांगा, मी चालवतो."

"मंग त्यो तुजा खल झाला."

"आणि तुम्ही चालवली तर?"

त्यांनी मशीनच्या चौकटीवरून अंगठा फिरवला. "मशीन तुजी. पन बटन मी दाबलं, तर खल माजा."

झालं. आता कंट्रोलर माझ्या हौसेचा राहिला नाही. चाचांना एकट्यानं चालवता येईल असा पाहिजे होता, आणि हात पुरता जायच्या आत पाहिजे होता. तोंडावर मात्र आम्ही दोघंही म्हणायचो, मराठवाड्याची हौस आहे, चाचा फक्त सल्ला देतायत.

प्रकार दोन. एक डबा. सुतारांच्या कोरकाम करणाऱ्या मोठ्या राउटर मशीनला असतो तसा, हातात धरायचा, जाड रबरी बटणं, वर काडेपेटीएवढी स्क्रीन. पेनड्राइव्हवर काम घालून द्यायचं, बाकी तो बघतो. वीज गेली तरी कुठं थांबलो होतो ते लक्षात ठेवतो. दुसरा कॉम्प्युटरवाला. मोठ्या पडद्यावर सगळं दिसतं, कापणारं हत्यार कुठं फिरतंय ते रंगात दिसतं, चूक आधीच कळते. पण कॉम्प्युटर म्हणजे सरकारी पाहुणा. मध्येच त्याला अपडेट आठवतं, आणि इकडं हत्यार लाकडात. आम्हा हौशी लोकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. तिथं विचारलं तर पन्नास जणांनी साठ उत्तरं दिली आणि शेवटी दोघं एकमेकांशी भांडून ग्रुप सोडून गेले. माझं डोकं भणभणायला लागलं.

म्हणून चाचांना विचारलं. सोमवारी म्हणाले, "डबा घे. कसा मुठीत बसतोय." मी डबा बघायला लागलो. गुरुवारी म्हणाले, "कॉम्प्युटरच घे बाबा. डब्याचं त्वांड केवढंसं, त्यात दिसायचं काय." मी कॉम्प्युटरकडं वळलो. पुढच्या मंगळवारी परत डबा. मी चिडलो. म्हणालो, "चाचा, एक काय ते सांगा. माझं येड्यासारखं झालंय." तर शांतपणे म्हणतात, "मशीनीला इचार. मला काय इचारतोस?" आता मशीनला डोकंच नाही तर तिला काय विचारू, कपाळ!

शेवटी मी दोन्ही जमवले. कॉम्प्युटर जुना, कंपनीतल्या मित्राचा. डबा ताथवड्याच्या एका फर्निचरवाल्याकडून महिनाभर उसना.

आधी कॉम्प्युटर. चाचा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून येऊन बसले. माउसवर हात ठेवला. पडद्यावरचा बाण गांधीलमाशीसारखा फिरायला लागला. ते हत्यार वर घ्यायला गेले आणि खालच्या बटणावर दोनदा टिचकी पडली. स्पिंडल धाडकन लाकडात. मी लाल बटण मारलं.

"टेबल हालतंय," चाचा म्हणाले.

मी खाली बसलो आणि पुठ्ठा सारला. त्या दिवशी चार पुठ्ठे झाले. ग्रुपवर कुणी सांगितलं की कॉम्प्युटरला मोठी बटणं जोडा. तीही जोडली. तर स्पिंडल चालू झाला की त्याच्या करंटच्या गडबडीनं कॉम्प्युटरला वाटायचं सगळी बटणं एकदम दाबली, आणि मशीन दशदिशांना जायला बघायची. अर्थिंग केलं, वायरी बदलल्या, काही उपयोग नाही. कॉम्प्युटर बाद.

मग डबा. डबा मात्र त्यांच्या मुठीत असा बसला की विचारू नका. दोन्ही हातांनी गच्च धरला की थरथर जवळजवळ थांबायची. अंगठ्यानं बटण दाबलं, मशीन उजवीकडं. दाबलं, डावीकडं. चाचा हसले हो. किती महिन्यांनी हसले. एक तुकडा सरळ कापला, त्यावर अंगठा फिरवला, म्हणाले, "साफ हाय." मला वाटलं सुटलो, एकदाचा लागला निकाल.

पण साखरेनं त्यांच्या डोळ्यांचा पडदा खाल्ला होता. ऑपरेशनचाही उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी किती खोल कापायचं तो आकडा त्यांनी डब्यात भरला. तीन मिलिमीटर भरायचे होते, आठ भरले. त्या एवढ्याशा पडद्यावर तीन आणि आठ त्यांना सारखेच. हत्यार लाकूड ओलांडून खालच्या पाटात घुसलं आणि कडकन मोडलं, तुकडा माझ्या कानाजवळून गेला.

आणि मी ओरडलो. माझ्या उस्तादावर. "दिसत नाही तर हात कशाला लावता!"

एवढंच बोललो. एवढंच पुरलं. त्यांनी डबा हळूच टेबलावर ठेवला, जरा चाचपून, कडेला नाही ना ठेवला ते बघून. आत गेले आणि दार लावून घेतलं. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. रस्त्यानं चालताना मध्येच आठवतं आणि मी तोंडानं च्यक् करतो, लोक बघतात.

आठ दिवस ते पडवीत आले नाहीत. मी शिफ्ट संपवून यायचो, मशीनचं काहीतरी उगाच घट्ट-सैल करत बसायचो. दारापलीकडं त्यांच्या रेडिओवर बातम्या लागलेल्या ऐकू यायच्या. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या दिवशी हात जास्त थरथरायचा, त्या दिवशी चाचा म्हणायचे डबा घे. ज्या दिवशी डोळ्यापुढं जास्त धुकं, त्या दिवशी कॉम्प्युटर. त्यांच्या हाताला एक पाहिजे होता आणि डोळ्याला दुसरा. दोन्हीचा मेळ बसेल असं काही बाजारातच नव्हतं. मी डब्याच्या स्क्रीनवर भिंग चिकटवून बघितलं, तर भिंगात वरची ट्यूबलाइट मोठी दिसायची, आकडा नाही. महिना संपत आला होता, डबा परत द्यायचा होता. मी पार गळाठलो. उस्तादाचा शेवटचा जॉब माझ्या हातून होईना, वर त्यांचं मनही मोडलेलं.

रविवारी सकाळी दार उघडलं. पण बाहेर आली ती चाची. हातात स्टूल, नाकावर चष्मा, पदर खोचलेला. मशीनसमोर स्टूल ठेवून बसली. मागून चाचा आले, माझ्याकडं बघितलं नाही. डबा मुठीत घेतला आणि स्क्रीन चाचीच्या तोंडापुढं धरली.

"वाच," म्हणाले.

चाची सातवी शिकलेली. आकडे खणखणीत वाचते. "तीन है जी. आठ नै, तीन."

चाचांनी दाबलं. हत्यार खाली आलं, नेमकं तीन.

मी आपला भिंतीला टेकून उभा. इतके दिवस मी काय काय वाचत होतो, कुणाकुणाला विचारत होतो, आणि हे दोघं एका स्टुलावर प्रश्न सोडवून मोकळे. तरी गोंधळ होताच. चाची मधूनच म्हणायची, "ये लाल क्या है?" चाचा म्हणायचे, "कुठं लाल?" दोघं मिळून मला विचारायचे, आणि मी सांगेपर्यंत बटण दाबलेलं असायचं. मध्येच वीजही गेली. डब्यानं जागा लक्षात ठेवली, परत आली तशी तिथूनच सुरुवात. तीन रविवार लागले. डब्यासाठी मी फर्निचरवाल्याच्या हातापाया पडलो. पॅटर्नचे दोन लाकडी अर्धे कापून झाले, चाचांनी डोळे मिटून दोन्हीवर अंगठा फिरवला, आणि एका जागी मला पॉलिश पेपर मारायला लावला. तेव्हा कळलं की माझ्याशी बोलणं सुरू झालंय.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. खलाचं ड्रॉइंग चाचांनी स्वतः काढलं होतं, आमच्या भांडणाच्या आधी, मोठ्या कागदावर, आहे त्या मापाचं. रेघा थरथरलेल्या. मी ते न्यायला गेलो तेव्हा कागदावर साधी स्टीलची पट्टी पडलेली. जन्मभर मोठ्या पट्टीनं कपाटं करणारा माणूस, आणि ऐन लोखंडाच्या कामाला साधी पट्टी? विसरले, मी मनात म्हणालो. पण बोलायचं कसं? हात, डोळे, आता डोकंही, असं कसं म्हणू? मी घरी ड्रॉइंगवरून माप घेतलं, कॉम्प्युटरवर गुपचूप तेवढी वाढ दिली, फाइल पेनड्राइव्हवर घातली आणि गप राहिलो.

पॅटर्न त्यांच्या ओळखीच्या फाउंड्रीत गेला. पंधरा दिवसांनी खल पोत्यात गुंडाळून आला. काळा, जड, अजून वाळूचा वास असलेला. पडवीतल्या टेबलावर चाचांनी जुना तडकलेला खल ठेवला, शेजारी नवा. चाची दारात उभी. चाचांनी डोळे मिटले. जुन्याच्या तोंडावर बोटं ताणली, मग नव्याच्या. परत जुन्याच्या. बोटं थरथरत होती, पण लोखंडाला टेकली की थांबत होती.

"दीड मिलिमीटर मोटा झालाय," म्हणाले.

मी व्हर्निअर काढला. जुना एकशे पन्नास. नवा एकशे एक्कावन्न पूर्णांक पाच.

"तू वाढ दिली व्हती?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

मला खोटं बोलता येईना. "दिली होती. मला वाटलं तुम्ही साधी पट्टी लावली. विसरलात."

"साध्या पट्टीनं जुना खल मोजला. कागदावर काढला त्यो आपल्या पट्टीनं." त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशावर हात ठेवला. "मला वाटलं तू कॉम्प्युटरवाला, तू इसरशील. म्हनलं कशाला बोलायचं, पोराला वाईट वाटंल."

चाची हसायला लागली. "मसाला जास्त मावेल," म्हणाली. "दोघं येडे हो."

चाचा हसले नाहीत. नव्या खलाच्या काठावर हात तसाच ठेवून उभे राहिले. मग माझ्याकडं बघून, म्हणजे मी उभा होतो त्या बाजूला बघून, म्हणाले, "मराठवाडा, हे असं हुतंय बघ न बोलल्यानं. तू बी सोय केली, मी बी केली, आन खल वाढला. फुडल्या बारीला सांगून करू. तू सांग, मी बी सांगतो." त्यांनी उजवा हात लोखंडावरून उचलून माझ्यापुढं धरला. रिकामा, हातोडीशिवाय. "हात हालतोय माजा. टेबल न्हाई."

मी खाली बसलो आणि टेबलाच्या पायाखालचे पुठ्ठे एकेक करून काढायला लागलो. सात निघाले.

"येक ऱ्हाऊ दे," वरून चाचांचा आवाज आला. "टेबल बी जरा हालतंयच."